रंग सगळ्यात शेवटी

"ताई, मी एकवीस वर्षांची आहे आणि कॉलेजच्या टीममध्ये पॉइंट गार्ड खेळते. शाळेत असल्यापासून मला बास्केटबॉलच्या शूजचं वेड आहे. आज माझ्याकडे चौदा जोड आहेत आणि त्यातल्या सहा जोडांत मी एकदाही पाय घातलेला नाही. सगळ्यात लाडका म्हणजे जॉर्डन फोर, नायकेने मायकेल जॉर्डनच्या नावाने काढलेल्या बुटांतला चौथा. दहा-एक वर्षांपूर्वीचा रेट्रो, म्हणजे जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती, न वापरलेला, मूळ पेटीसकट. दादा म्हणतो विकून टाक, नाहीतर नुसता धूळ खात पडणार. मला मात्र तो रंगवून जगात एकच असा जोड करायचाय, पण ब्रश हातात घेतला की धीर होत नाही.

गेल्या वर्षापासून मी जुन्या शूजवर रंगकाम करते. मैत्रिणींना ते इतकं आवडलं, की आता स्पर्धेसाठी अख्ख्या टीमने माझ्याकडून शूज रंगवून घ्यायचं ठरवलंय. दहा जोड, हातात तीन आठवडे. डावा जांभळा आणि उजवा पिवळा असं डिझाइन डोक्यात आहे. अडचण एकच : मी लावलेला रंग पुढे बोटांपाशी पंधरा दिवसांत तडकतो. आणि शेवटचं. मला पुढे शूज डिझायनर व्हायचंय, पण चित्रकला बेताचीच. आई म्हणते, पायात घालायच्या वस्तूवर एवढा जीव कशाला टाकतेस? खरं सांगा, मी वेडी आहे का?"

अगं, वेडी वगैरे काही नाहीस. चौदा जोड म्हणजे या छंदातल्या लोकांच्या हिशेबात तू अजून उंबरठ्यावरच आहेस. पण पत्रात एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. जोड किती ते लिहिलंस, रंग कोणते ते लिहिलंस, पण ते शूज घालून पळताना, झटकन वळताना, रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, उडी मारून खाली येताना पायाला काय वाटतं, याबद्दल अवाक्षर नाही. तू गार्ड आहेस, चेंडू घेऊन पुढे जाणारी, कोर्टवर सगळ्यात जास्त दिशा तूच बदलत असशील. आईचा प्रश्नही मला म्हणूनच आवडला. पायात घालायची वस्तू आहे हे त्या विसरलेल्या नाहीत, तू मात्र थोडी विसरली आहेस.

आधी जॉर्डन फोर, कारण तिथे वेळ कमी आहे आणि तुला त्याचा पत्ता नसावा. हा बूट मुळात १९८९ चा, नायकेच्या टिंकर हॅटफिल्डने डिझाइन केलेला. त्याचा मिडसोल, म्हणजे पाय आणि खालचं रबर यांच्या मधला फोमचा जाड थर, पॉलीयुरेथेनचा असतो. पॉलीयुरेथेन दणकट, लवकर चेपत नाही, उसळी टिकवून धरतं. पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो. या प्रकाराला हायड्रोलिसिस म्हणतात. हवा उष्ण आणि दमट असली की हे काम आणखी जोरात चालतं. बाहेरून काही कळत नाही. बूट नवाकोरा दिसतो, आणि एक दिवस कौतुकाने घालून चार पावलं टाकावीत तर टाचेखालून चुरा गळायला लागतो. १९८९ चे मूळ जोड आज कुणी घालून फिरत नाही, ते काही निव्वळ भक्तीपोटी नव्हे. फिरायला गेलं तर मिडसोलचा भुगा होतो. रेट्रो जोडांचीही गत तीच, फक्त ते उशिरा जन्मले एवढंच. दहा वर्षं उलटली की त्यांचा भरवसा धरू नये.

तेव्हा तू जपून ठेवलाय म्हणतेस तो जोड पेटीत नुसता म्हातारा होतोय. दादाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. धुळीने काही बिघडत नाही, फडकं मारलं की गेली. ओलाव्याला फडकं मारता येत नाही.

हे वाचून झालं की पेटी उघड. टाचेजवळ मिडसोलवर अंगठा दाबून बघ. थोडं दबून परत वर आलं तर ठीक. अंगठ्याला चिकटपणा लागला, मिडसोलच्या रंगावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या किंवा दाबताना कुरकुर ऐकू आली, तर त्याचे दिवस भरले असं समज. अशा जोडाला घालायला लायक करायचं तर सोल स्वॅप करावा लागतो. त्याच मॉडेलच्या नव्या जोडाचा तळ काढून याला बसवायचा. ते किचकट काम आहे, पहिल्याच फटक्यात आपल्या लाडक्या जोडावर करून बघण्यातलं नव्हे.

मिडसोल शाबूत असेल तर माझा सल्ला सरळ आहे : विकू नकोस, रंगवू नकोस, घाल. कोर्टवर नको, कारण वय झालेला गोंद आणि १९८९ चं तंत्र घेऊन आजच्या वेगाने खेळायचं काही कारण नाही. इकडेतिकडे जाताना घाल. अधूनमधून वापरात असलेले जोड बंद पेटीतल्या जोडांपेक्षा जास्त टिकतात, असा पुष्कळ संग्राहकांचा अनुभव आहे. रंगवू नकोस अशासाठी, की ज्या तळाची खात्री नाही त्याच्या वरच्या चामड्यावर दोन आठवडे राबणं म्हणजे पाडायला काढलेल्या घराला ऑइलपेंट देणं. शिवाय त्या बुटाच्या बाजूची जाळी, लेससाठीचे प्लास्टिकचे पंख, टाचेतली बाहेरून दिसणारी हवेची पिशवी, हे सगळं एकमेकांशी बोलतं. तुझा हात बसेपर्यंत त्यात बोलायला जाऊ नकोस.

'डेडस्टॉक', म्हणजे कधीच न घातलेला जोड, म्हटलं की संग्राहकांचे डोळे लकाकतात हे मला माहीत आहे. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये सोदबीजच्या लिलावात ज्या जोडाने तोवरचा विक्रम मोडला तो कोणता होता? मायकेल जॉर्डनने १९९८ च्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, फायनल्सच्या दुसऱ्या सामन्यात घातलेला जॉर्डन थर्टीन. घामाने भिजलेला, कोर्टवर घासलेला. एनबीएत पी. जे. टकर हा खेळाडू बूटवेडा म्हणूनच ओळखला जायचा. लोक ज्यांना हात लावायला धजत नाहीत असे दुर्मीळ जोड तो बेधडक सामन्यात घालायचा. त्याच्यासारखं तुला-मला परवडणार नाही, पण वृत्ती घ्यायला काय हरकत आहे?

बाकीचे पाच न घातलेले जोड कशाचे आहेत ते बघ. कॉन्व्हर्सच्या ऑल स्टार किंवा आदिदासच्या सुपरस्टारसारखा पूर्ण रबरी तळ असेल तर फार काळजी नाही, ते चिवट असतात. ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा चुरा सहसा होत नाही, पण वर्षानुवर्षं पडून तो कडक होतो आणि मग पायाखाली लाकूड बांधल्यासारखं वाटतं. पॉलीयुरेथेनवाले आधी वापरायला काढ. ठेवणीतल्या जोडांत कागदाचे बोळे भर आणि त्यांना उन्हापासून लांब ठेव, कारण अतिनील किरण आणि प्राणवायू मिळून पारदर्शक तळ पिवळा करतात. सिलिका जेलची एखादी पुडी पुरे. पुड्यांचा ढीग घातलास तर चामडं आणि गोंद दोन्ही सुकून तडकतील.

आता टीमचे दहा जोड. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

डावा जांभळा, उजवा पिवळा हे आधी डोक्यातून काढ. फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, याच्या नियमांप्रमाणे शूज कोणत्याही रंगांचे चालतात, पण डावा आणि उजवा एकसारखा हवा. लुकलुकणारे दिवे, प्रकाश परतवणारं साहित्य, लावलेली सजावट हेही चालत नाही. तुमच्या स्पर्धेला कोणते नियम लागू आहेत ते आयोजकांना आजच विचार. सामना सुरू होताना पंचाने पायांकडे बोट दाखवायचं आणि दहा जणींनी बॅगेत दुसरे शूज शोधायचे, ही शोभा नको. तुला दोन रंगांचा झगडाच हवा असेल तर तो प्रत्येक बुटात आण : बाहेरची बाजू जांभळी, आतली पिवळी, दोन्ही पायांना तसंच. समोरून धावत येणाऱ्या मुलीचे पाय मग क्षणाक्षणाला रंग बदलतात आणि नियमाला धक्का लागत नाही. मला तर हे तुझ्या मूळ कल्पनेपेक्षा जास्त आवडलं.

रंगावरून कुरबुरी या खेळाला नव्या नाहीत. १९८५ च्या फेब्रुवारीत एनबीएने नायकेला पत्र लिहून जॉर्डनच्या लाल-काळ्या शूजवर हरकत घेतली आणि कंपनीने त्या बंदीचीच जाहिरात करून टाकली. ज्या बुटावर आक्षेप होता तो एअर जॉर्डन वन नव्हे, तर एअर शिप नावाचं आधीचं मॉडेल असावं, असं आता बहुतेक जाणकार मानतात. दंतकथेला त्याचं काय! एनबीएने रंगांवरची बंधनं उठवली ती थेट २०१८-१९ च्या मोसमात, आणि कलाकारांनी हाताने रंगवलेले जोड दर रात्री कोर्टवर दिसायला लागले ते त्यानंतर.

तुझा रंग तडकतो त्याकडे वळू. बोटांच्या मुळाशी बूट प्रत्येक पावलाला दुमडतो. सामन्यात तो किती वेळा दुमडत असेल याचा विचार कर. तिथे जो थर लवचिक नाही तो फुटणारच. तू पत्रात पद्धत लिहिलेली नाहीस, पण असं तडकण्यामागे मी नेहमी तीनच कारणं बघते. पहिलं, चामड्यावरचा कारखान्यातला चकचकीत थर पुरता न काढणं. दुसरं, कॅनव्हासवर चित्रं काढायचा अ‍ॅक्रिलिक रंग वापरणं. तो वाळला की कडक होतो, त्याला दुमडणं ठाऊकच नाही. चामड्यासाठी वेगळा अ‍ॅक्रिलिक येतो, अँजेलससारखा, तोच हवा. आणि तिसरं, सगळ्यात जास्त दिसणारं : उतावळेपणा. दोन जाड हातांत काम उरकायचं.

कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पिळून घे आणि एका दिशेने फिरव. थोड्या वेळाने बोळ्यावर बुटाचा रंग उतरायला लागेल आणि चामड्याची चमक जाऊन ते खडूसारखं कोरडं दिसेल. बोट फिरवलं तर किंचित अडखळतं. एवढं झालं की थांब. पुढच्या भागात कागद ठासून भर, इतका की सुरकुत्या ताणून सपाट होतील. नाहीतर सुरकुतीच्या आत रंग पोचत नाही आणि बूट घातल्यावर तिथे जुन्या रंगाची रेघ उघडी पडते. मग रंगाचा पहिला हात असा पातळ दे की खालचं सगळं दिसत राहील आणि तुला वाटेल, हे काही झालं नाही. होऊ दे तसं. पूर्ण वाळव, दुसरा हात दे. असे चार-पाच, पिवळ्याला त्याहून जास्त, आणि पिवळ्याखाली पांढऱ्याचा अस्तर-हात हवाच, नाहीतर तो मळकट दिसतो. मास्किंग टेप शेवटचा हात जरा ओलसर असतानाच तिरकी ओढून काढ. पूर्ण वाळल्यावर ओढलीस तर कडेचा रंग तिच्याबरोबर सालपटासारखा येतो. सगळ्यावर फिनिशर, म्हणजे रंग जपणारा शेवटचा पारदर्शक हात, आणि मग निदान एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर कागद काढून बूट हातांनी बोटांपाशी वीस-पंचवीस वेळा दुमड. तडकायचा असेल तर तुझ्या हातात तडकू दे.

हे सगळं चामड्याचं झालं. पण मैत्रिणींचे शूज चामड्याचे आहेत का? हल्लीचे बास्केटबॉलचे शूज बहुतेक विणलेल्या कापडाचे किंवा जाळीचे असतात, वर प्लास्टिकची पातळ फिल्म उष्णतेने चिकटवलेली. जाळीवर रंग थापलास तर भोकं बुजतात, हवा अडते, पाय शिजतो. विणलेल्या भागाला रंग द्यायचाच असेल तर त्यात कापडासाठीचं मऊ करणारं मीडियम मिसळावं लागतं, तरीही तो भाग आधीसारखा ताणला जात नाही. फिल्मवर अ‍ॅसिटोन चोळलंस तर फिल्मच विरघळेल, म्हणून आधी आतल्या बाजूच्या कोपऱ्यात करून बघ. सुएड, म्हणजे मखमली पोताचं चामडं, असेल तर वर बसणारा रंग नको, आत मुरणारा डाय वापर.

म्हणून माझं ऐक, अख्खा बूट रंगवायच्या फंदात पडू नकोस. टाचेचा कडक भाग, मधल्या बाजूचा पट्टा, जिभेचं वरचं टोक आणि लेस एवढंच घे. कोर्टच्या पलीकडून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. बोटांपाशी दुमडणारा भाग, जाळी आणि मिडसोल सोडून दे. तळाला तर शिंतोडाही लागता कामा नये. काम सुरू करण्याआधी तळ पूर्ण टेपने झाकून टाक. त्या माशाच्या काट्यासारख्या नागमोडी रेघा पकड घेण्यासाठी असतात, आणि फिनिशरचा एक ओघळ त्यात वाळला की मुलगी ब्रेक मारायला जाईल आणि घसरेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचा भाग आणि तळ जिथे जुळतात त्या सांध्याच्या आसपास अ‍ॅसिटोन नेऊ नकोस आणि रंग लवकर वाळावा म्हणून तिथे हीटगन किंवा गरम हेअर ड्रायर रोखू नकोस. बास्केटबॉलचे बहुतेक शूज गोंदावर उभे असतात. अ‍ॅसिटोन गोंद विरघळवतं, उष्णता तो मऊ करते. बाहेरून ते दिसत नाही आणि रंग सुंदर जमलेला असतो. २० फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना सामन्यात, खेळ सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच झायन विल्यमसनने पाय रोवला आणि त्याचा डावा बूट फाटून पाऊल बाहेर आलं. गुडघा मुरगळला. तो जोड कुणी घरी रंगवलेला नव्हता, धडधाकट होता. धडधाकट बुटावर एवढा ताण येऊ शकतो, मग ज्याचा गोंद आपण सैल केलाय त्याचं काय? तुझ्या हातात मैत्रिणींचे घोटे आहेत हे लक्षात ठेवून काम कर. आणि हो, अ‍ॅसिटोनचं काम खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून, जवळपास कुठेही ज्योत नसताना. त्याची वाफ पटकन पेटते.

वेळेचं गणित. तीन आठवड्यांतला शेवटचा आठवडा तुझा नाही, तो मुलींचा आहे. रंगवलेले शूज घालून निदान दोन सराव झाल्याशिवाय कुणीही सामन्यात उतरायचं नाही. राहिले दोन आठवडे. मुली रोज सरावाला येणार, त्यांना शूज लागणार, म्हणून सगळे जोड एकदम ताब्यात घेऊ नकोस. आधी ज्यांच्याकडे दुसरा जोड आहे त्यांचे पाच कर, ते परत देऊन उरलेले पाच घे. सगळ्यात पहिला जोड तुझा स्वतःचा. तो सरावात टिकला तरच बाकीच्यांना हात लाव. आणि नवे शूज रंगवायला आणू देऊ नकोस. स्पर्धेच्या तोंडावर कोरा बूट घालणं हे रंगाइतकंच धोक्याचं, फोड येतात. पायाला बसलेलेच जोड घे.

पैशांबद्दल तू लिहिलं नाहीस, पण टीम उद्या देऊ करेल, परवा दुसरी टीम विचारेल. मैत्रिणीचा तिने स्वतः विकत घेतलेला बूट रंगवून देणं वेगळं आणि कंपनीच्या चिन्हासकट बूट बदलून बाजारात विकायला काढणं वेगळं. २०२१ मध्ये एमएससीएचएफ नावाच्या अमेरिकी कलाकारांच्या गटाने नायकेचे एअर मॅक्स नाइन्टी-सेव्हन बदलून ६६६ जोड काढले. नायके कोर्टात गेली आणि तडजोडीत त्यांना ते जोड परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. तुझ्या दहा जोडांसाठी कुणी वकील पाठवणार नाही. तरी कंपनीचं चिन्ह दुसऱ्या ठिकाणी रंगवणं, एका कंपनीच्या बुटावर दुसरीचं चिन्ह काढणं, कार्टूनची पात्रं उतरवणं, या सवयी लावून घेऊ नकोस. स्वतःची रेघ शोध, पुढे तीच कामाला येईल.

आणि आता डिझायनर होण्याचं. चित्रकलेची चिंता सोड. रेखाटन सरावाने येतं, आणि बूट डिझाइन करणारा माणूस कागदावर देखणी बाजू काढतो ते सगळं कळल्यावर. हॅटफिल्ड मुळात वास्तुशास्त्र शिकलेला. १९८८ चा जॉर्डन थ्री करताना त्याने जॉर्डनला काय हवंय ते विचारलं, आणि उत्तरं रंगांबद्दलची नव्हती. बूट हलका हवा, घोट्याला जरा कमी उंच हवा आणि पहिल्या दिवसापासून वापरलेल्या बुटासारखा मऊ हवा. म्हणून मऊसर, सुरकुतलेलं चामडं आलं, मध्यम उंची आली. ते हत्तीच्या कातडीसारखं नक्षीकाम आज सगळ्यांना आठवतं, पण त्याच्या आधी पाय होता. नायकेच्याच ब्रूस किलगोरने १९८२ च्या एअर फोर्स वनच्या तळावर वर्तुळं काढली. ती शोभेची नाहीत. पिव्हट करताना, म्हणजे एक पाय रोवून वळताना, पाऊल जिथे गोल फिरतं तिथेच ती आहेत. एनबीएतल्या कोबी ब्रायंटने फुटबॉलपटूंचे शूज बघून घोट्याखाली संपणारा बास्केटबॉलचा बूट मागितला आणि नायकेचा डिझायनर एरिक अव्हारने २००९ चा कोबी फोर तसा करून दिला. त्या वेळी गार्डसुद्धा उंच कॉलरशिवाय खेळायला बिचकायचे. आज कोर्टवर बघ, पुष्कळ जणांचे घोटे उघडे असतात.

कंपनीच्या संकेतस्थळावर तयार बुटाचे रंग निवडायची सोय १९९९ पासून आहे, नायके आयडी नावाने ती सुरू झाली. तुझं रंगकाम त्याच्या पुष्कळ पुढे आहे, हाताने केलेलं आहे. तरी ते दुसऱ्याच्या बुटावर आहे. तुला तुझा बूट करायचा असेल तर सुरुवात तुझ्या टीमच्या पायांपासून कर. दहाही जणींचे जुने शूज उलटे करून तळ बघ. कुणाचा अंगठ्याखाली झिजलाय, कुणाचा बाहेरच्या कडेला, कुणाची टाच एकाच बाजूने खाल्ली आहे. कागदावर प्रत्येकीचं पाऊल उभ्याने आखून घे, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांचं आख, ते क्वचितच सारखे असतात. प्रत्येकीला विचार, शूज कुठे चावतात. माझा अंदाज आहे की निम्म्या मुली म्हणतील, टाच आत सरकते. बायकांच्या पायाचा चवडा टाचेच्या मानाने रुंद असतो, आणि बास्केटबॉलचे शूज वर्षानुवर्षं पुरुषांच्या फर्म्यावरच, म्हणजे पायाच्या साच्यावरच, बेतले गेले. महिला खेळाडूच्या नावाचा पहिला बास्केटबॉल बूट आला १९९५ मध्ये, शेरिल स्वूप्सचा. मधे तर दशकाहून जास्त खंड पडला, तो २०२२ मध्ये प्यूमाने ब्रियाना स्टुअर्टच्या नावाचा बूट काढून मोडला. मग २०२३ मध्ये सब्रिना आयोनेस्कूचा आला, जो पुरुष खेळाडूही आवडीने घालतात, आणि २०२५ मध्ये एजा विल्सनचा. या दालनात अजून पुष्कळ जागा रिकामी आहे, आणि तू स्वतः गार्ड आहेस, दहा गिऱ्हाइकं तुझ्याच ड्रेसिंग रूममध्ये बसलेली आहेत.

दोन कामं लगेच करण्यासारखी आहेत. एक, बुटावर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून सगळा वरचा भाग झाकून टाक, त्यावर पेन्सिलने तुझ्या मनातले तुकडे आख, मग ब्लेडने रेघांवरून कापून टेप सोडव आणि पुठ्ठ्यावर सपाट चिकटव. बुटाचा पॅटर्न असाच निघतो, मोठमोठे कारागीरही फर्म्यावर हेच करतात. इथे तुझी चित्रकला कुणी विचारत नाही. गोल पृष्ठभागावरची सरळ रेघ सपाट केल्यावर कशी वाकते हे एकदा हाताला कळलं की तुझ्या रंगकामातल्या रेघाही बदलतील.

दुसरं काम जरा क्रूर आहे. चौदांपैकी जो जोड कायमचा गेलाय, तळ झिजलाय, टाच फाटलीय, त्यातला एक बूट उभा चीर. टाचेपासून बोटांपर्यंत, मधोमध. आत काय दिसतं ते बघ : वर काढता येणारा इनसोल, त्याखाली वरच्या भागाला गोल शिवलेला पातळ कापडी तळ, त्याखाली फोम, मध्यावर बहुतेक वेळा एक कडक पट्टी, आणि शेवटी रबर. कडक पट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मोजून ठेव, बूट कुठे दुमडायचा ते तीच ठरवते. फोम टाचेखाली किती जाड, चवड्याखाली किती, तेही लिही. मग दुसऱ्या कंपनीचा एक मेलेला जोड मिळव आणि तोही चीर. करवत बारीक दातांची घे. जाड दातांची फोममध्ये अडकते आणि थर फाटून निघतात.